एका कढईतला सायीचा चिकन-पास्ता: घट्टपणा पास्त्याचा, साय शेवटी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी जळगावला, घर भुसावळला, संध्याकाळी घरात पाय टाकेपर्यंत सात वाजतात. मुलांना आठवड्यातून एकदा तरी सायीचा चिकन-पास्ता हवा असतो. तुम्ही सगळं एकाच कढईत करून पाहता, पण साय फुटते, चिकन चिवट होतं, पास्त्याचा गिच्च गोळा होतो, आणि एवढं करून मोठी माणसं म्हणतात, ‘फिकं लागतंय.’ सासूबाई माळकरी, त्यामुळे त्यांचं ताट वेगळं.

मी जळगावात स्वयंपाकाचे वर्ग घेते आणि घरगुती ऑर्डरी करते. हा पदार्थ नोकरी करणाऱ्या बायका माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारतात. त्यांच्या आणि तुमच्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: घट्टपणा आणायचं काम सायीकडून करून घेतलं जातं. ते काम पास्त्याचं आहे. साय फक्त शेवटी चव आणि मऊपणा द्यायला येते. एवढी अदलाबदल केली की निम्म्या तक्रारी मिटतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया घालताना गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढतात ना, तोच इथे कामाला लागतो. चीक पाण्यात असेपर्यंत दुधासारखा पातळ असतो. आधणात ओतून हाटायला लागलं की बघता बघता घट्ट आणि चकचकीत होतो, कारण गव्हातल्या स्टार्चचे कण साधारण ६० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतात. पास्ता शिजताना त्याच्या अंगचा चीक असाच पाण्यात उतरतो. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात पास्ता उकडून चाळणीत ओतला की तो सगळा मोरीत जातो, आणि मग घट्टपणासाठी मैदा, कॉर्नफ्लोअर, वाटीभर क्रीम अशी धावपळ सुरू होते. एकाच कढईत, मोजून घातलेल्या पाण्यात शिजवला तर तो चीक तिथेच राहतो आणि सॉस आपसूक दाटतो. शिवाय चीक उतरलेल्या पाण्यात साय सहज फुटत नाही, कारण दुधातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गुठळ्या धरायला तो आडकाठी करतो.

रोममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फ्रेडो दी लेलिओ या हॉटेलवाल्याने ज्या ‘अल्फ्रेडो’ पास्त्याला नाव मिळवून दिलं, त्या मूळ पदार्थात साय नव्हतीच. लोणी, किसलेलं पार्मेसान चीज आणि पास्त्याचं पिठूळ पाणी, एवढ्यावरच तो मऊसूत व्हायचा. क्रीम आणि चिकन पुढे अमेरिकेत जोडले गेले. आपल्या मुलांना आवडतो तो हा पुढचा अवतार आहे आणि त्यात काही वावगं नाही. पण मूळ युक्ती लक्षात ठेवली तर साय निम्मी लागते.

आता पास्ता कोणता? पाकिटाच्या मागे ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं असेल तोच घ्या. किराणा दुकानात सुटी मिळणारी स्वस्त मॅकरोनी बऱ्याचदा साध्या गव्हाच्या रव्याची किंवा मैद्याची असते. ती भरपूर पाण्यात कशीबशी निभते, पण एका कढईत तिचा लगदा होतो. तुमच्या गोळ्याचं एक कारण मला हेच दिसतं. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. टणक दाण्याचा, पिवळसर, शेवया-कुरडयांसाठी आपल्या आया मुद्दाम आणवायच्या तो. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा पंचवटी हा वाण याच जातीचा आहे. या गव्हात प्रथिनं जास्त आणि त्यांची वीण घट्ट असते, म्हणून पास्ता शिजूनही आकार सोडत नाही, आणि चीक सुटतो तो बेताने. आकार आखूड घ्या: नळीसारखा पेने, पिळाचा फुसिली, नाहीतर शिंपल्या. स्पॅगेटी कढईत मावत नाही. ती मोडून घातली की गुंतते, आणि घाईच्या दिवशी गुंता सोडवत बसायला वेळ नसतो.

चार माणसांचं माप सांगते. पेने २५० ग्रॅम, बोनलेस चिकन ४०० ग्रॅम, एक मोठा कांदा, सहा-आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे शेंगदाण्याचं तेल, एक चमचा लोणी, २५० मिलिलिटरच्या कपाने तीन कप गरम पाणी, अर्धी वाटी ताजी साय, प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब, मिरी, मीठ. बाजूला आणखी एक कप गरम पाणी तयार असू द्या. बाकी भाज्या ऐच्छिक. मटार किंवा मक्याचे दाणे शेवटच्या पाच मिनिटांत टाकले तर चालतात. सिमला मिरची मात्र मी घालत नाही, सायीच्या चवीवर ती फार चढते.

कढई जाड बुडाची आणि पसरट हवी. तळाशी पास्ता दोन थरांपेक्षा जास्त चढत असेल तर भांडं लहान आहे. लोखंडी कढई या कामाला घेऊ नका, सॉस काळपट होतो आणि टोमॅटो असेल तर लोखंडाची चव उतरते. ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांचं स्टील सगळ्यात चांगलं. नॉनस्टिक चालेल, पण त्यात चिकनचा खरपूस थर तळाला धरत नाही, आणि सॉसच्या चवीचा मोठा वाटा त्या थरात असतो.

चिकनबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण चिवटपणा बहुतांशी दुकानातूनच घरी येतो. ‘बोनलेस द्या’ म्हटलं की दुकानदार छातीचं मांस देतो. त्यात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ते जरा जास्त शिजलं की कोरडं पडतं. त्याला सांगा, ‘लेगचं बोनलेस काढून द्या.’ मांडीच्या मांसात चरबी आणि जोडऊती (मांस बांधून ठेवणारे धागे) असते, ते दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेतं. दमून आलेल्या माणसाने सांभाळून घेणारंच मांस निवडावं, असं माझं ठाम मत आहे. तुकडे सुपारीपेक्षा जरा मोठे, सगळे सारखे. धुवायचंच असेल तर नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही पसरतात. पातेल्यात हलक्या हाताने धुऊन पाणी टाका आणि मग स्वच्छ फडक्याने किंवा टिश्यूने तुकडे खरंच कोरडे करा. ही पायरी बहुतेक जणी गाळतात. ओलं चिकन कढईत पडलं की आधी पाणी सुटतं, चिकन त्या पाण्यात उकडतं आणि तपकिरी रंग धरतच नाही.

शक्य असेल तर आदल्या रात्रीच अर्धा चमचा मीठ आणि थोडी मिरपूड चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आत मुरतं, मांस पाणी धरून ठेवतं. दही किंवा लिंबू लावू नका. आपल्याला सवय असते, पण ती आंबटाई पुढे सॉसमध्ये उतरते आणि साय फोडते. रविवारी आणून फ्रीझरला टाकत असाल तर एका वेळेचं चिकन पिशवीत चपटं पसरवून गोठवा आणि सकाळी निघताना फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर ठेवून जाणं आपल्याकडच्या उन्हात धोक्याचं आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चं किंवा शिजलेलं चिकन बाहेर तासाभरापेक्षा जास्त राहू नये, आणि भुसावळला एप्रिल-मे महिन्यांत रात्री आठलाही घरात तेवढं सहज असतं.

घरी आल्यावर पहिलं काम, एका बाजूला पाणी तापत ठेवणं. दुसऱ्या शेगडीवर कढई चांगली तापवून तेल घाला आणि चिकन एका थरात पसरा. मावत नसेल तर दोनदा करा. दोन मिनिटं हलवायचं नाही. खालून रंग आला की उलटा, आणखी एक मिनिट, आणि ताटलीत काढून घ्या. आत ते अजून कच्चट असेल, असू द्या. तुमचं चिकन चिवट होण्याचं दुसरं कारण इथे आहे: तुम्ही ते कढईतच ठेवून पास्त्याबरोबर पंधरा मिनिटं उकळता. चिकन बाहेर थांबेल आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांना परत येईल.

त्याच कढईत लोणी, बारीक चिरलेला कांदा, आच मध्यम. कांद्याला सुटणाऱ्या पाण्याने तळाचा खरपूस थर सैल होतो, तो उलथन्याने खरवडून घ्या. कांदा पारदर्शक झाला की ठेचलेला लसूण अर्धा मिनिट. लसूण लाल होऊ देऊ नका, दुधाळ सॉसमध्ये जळका लसूण लपत नाही. टोमॅटो घालायचा असेल तर तो इथेच, आणि तेल सुटेपर्यंत पूर्ण आटवून. कच्चा टोमॅटो आणि साय यांचं जमत नाही.

आता पास्ता घालून मिनिटभर परता, तीन कप गरम पाणी ओता, पाऊण चमचा मीठ. चिकनला मीठ आहे, चीजमध्ये आहे, म्हणून यापेक्षा जास्त आत्ता नको. मोठ्या आचेवर उकळी आणा, मग मध्यम करून झाकण तिरकं ठेवा. पहिली चार मिनिटं सोडून कुठे जाऊ नका. याच वेळात पास्त्याचं बाहेरचं अंग चिकट होतं आणि तुकडे एकमेकांना आणि तळाला धरतात. दर मिनिटाला तळापासून ढवळा. एकदा ही वेळ टळली की दोन-तीन मिनिटांनी एकदा पुरे, तोवर मुलांची वही बघून होते. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर कढईत तेरा धरा, कारण पाणी कमी असतं. नवव्या-दहाव्या मिनिटाला एक तुकडा चावून बघा. मधोमध बारीक पांढरा कण दिसत असेल तर ताटलीतलं चिकन, तिथे साचलेल्या रसासकट, कढईत ढकला. पाणी फार आटलं असेल तर बाजूचं गरम पाणी पळी-पळीने घाला. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि पास्ता बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो.

सगळ्यात जाड तुकडा कापून पाहा, आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. तिथे पोचलं की गॅस बंद. खरंच बंद, बारीक नव्हे.

साय आता. तूप कढवायला आपण आठवडाभर साय साठवतो. त्या डब्यातली साय या कामाची नाही, मग ती वास घेऊन कितीही बरी वाटो. तिला आंबटपणा आलेला असतो, काही घरांत विरजणही लावलेलं असतं, आणि गरम सॉसमध्ये पडताच ती फाटते. कालची-आजची साय घ्या, चमच्याने मोडून गुळगुळीत करा, पण घुसळू नका, लोणी येईल. तिच्यात कढईतला गरम सॉस दोन-तीन चमचे कालवा म्हणजे तिला एकदम चटका बसणार नाही, आणि मग कढईत सोडा. बाजारचं पाकिटातलं फ्रेश क्रीम वापरत असाल तरी रीत हीच. त्यात फॅट साधारण २५ टक्के असतं, आणि एवढ्या फॅटचं क्रीम आंबट सॉसमध्ये उकळलं की दाणेदार होतं. परदेशी व्हिडिओंमधे क्रीम खुशाल उकळताना दिसतं, कारण तिकडचं हेवी क्रीम ३५ टक्क्यांच्या वरचं असतं. पाककृती बघून करणाऱ्यांची साय फुटते ती इथे.

साय मिसळली की किसलेलं चीज. प्रोसेस्ड चीज मी इथे मनापासून सुचवते. त्यात घातलेल्या इमल्सिफाय करणाऱ्या, म्हणजे फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या, क्षारांमुळे ते तार न धरता गुळगुळीत वितळतं आणि फुटू पाहणारा सॉसही सांधून घेतं. मोझरेला पिझ्झ्यावर ठेवा, इथे त्याच्या दोऱ्या होतात. चीज विरघळलं की चव बघून मीठ, भरपूर ताजी मिरपूड, आणि झाकून दोन मिनिटं. ओतताना सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा जरा पातळच दिसला पाहिजे. ताटात जाईपर्यंत पास्ता आणखी पितो. कढईतच मनासारखा घट्ट झाला असेल तर जेवायला बसेपर्यंत गोळा होणार. एवढं करूनही कधी फुटलाच, तर आच नसताना पाव वाटी गार दुधात अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून घाला, भराभर ढवळा, चीजचा आणखी एक तुकडा टाका आणि मंद आचेवर जेमतेम दाटेपर्यंतच ठेवा. पूर्ण पहिल्यासारखा होत नाही, पण पानात वाढण्याजोगा होतो.

फिकेपणाचं काय करायचं? खान्देशात वाढलेल्या जिभेला हा प्रश्न पडणारच. शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेली माणसं पांढऱ्या सॉसकडे संशयाने बघतात. पण त्यासाठी सॉसमध्ये चमचाभर काळा मसाला ढकलू नका. दगडफूल, खोबरं, काळी मिरी सायीत गेली की रंग मातकट होतो आणि दोन्ही चवी मरतात. घालायचाच तर पाव चमचा, कांद्याबरोबर तेलात परतून. त्यापेक्षा तिखट वेगळं ठेवा. तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण शेंगदाण्याच्या तेलात डाग पडेपर्यंत भाजा, मीठ घालून भरड ठेचा, आणि ज्याला हवं त्याने ताटात वरून घ्यावं. भरताला लागतो तसाच हा ठेचा सायीच्या पास्त्याला फार छान लागतो. मुलांचं ताट सौम्य, मोठ्यांचं झणझणीत, कढई एकच. वर शेवभाजीची जाड तिखट शेव मूठभर भुरभुरली तर मऊ पास्त्याला कुरकुरीतपणा येतो. आमच्या घरी ती हमखास असते. ती वाढल्यावरच घाला.

सासूबाईंचं ताट कढईतून चिकन बाजूला करून देण्याचा विचार चुकूनही करू नका. श्रद्धेचा प्रश्न आहे. खान्देशातल्या पुष्कळ घरांत सामिष पदार्थाचं भांडं वेगळंच असतं, आणि एका कढईतल्या या पदार्थाचा खरा फायदा तिथेच कळतो: तेवढं एकच भांडं वापरायचं, घासायचं आणि जागेवर ठेवायचं. त्यांच्यासाठी घरच्या नेहमीच्या छोट्या कढईत आधी करून घ्या, म्हणजे चिकनला हात लागायच्या आत त्यांचं झालेलं असतं. ६० ग्रॅम पास्त्याला सव्वा कप पाणी लागतं. माप लहान असलं की पाणी प्रमाणाने जास्त उडतं, म्हणून एवढं. मटार, मक्याचे दाणे, शेवटी पनीरचे तुकडे. चातुर्मासात कांदा-लसूण चालत नसेल तर लोण्यात जिरं आणि मिरपूड पुरते. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, तेवढं बघून घ्या.

उरलं तर तासाभरात फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवा. सकाळी तो दगडासारखा दिसेल, घाबरू नका. पाव कप दूध किंवा पाणी घालून मंद आचेवर वाफ येईपर्यंत हलक्या हाताने सोडवा. दूध घातलं असेल तर उकळी फुटू देऊ नका. मुलांच्या शाळेच्या डब्यात मात्र हा पास्ता देऊ नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. चिकन आणि साय दोन्ही सकाळी सातपासून दुपारपर्यंत बंद डब्यात, दप्तरात, गरम वर्गात राहणार. डब्यासाठी त्याच पाकिटातला मूठभर पास्ता वेगळा उकडून तेल, लसूण, थोडी लाल मिरची आणि मीठ यांत परतून द्या.